अलीकडची पुरस्कारप्राप्त पुस्तके: वाचून झाल्यावर काय वाटले?

घाटमाथा

साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची अलीकडची यादी अशी आहे: २०२० साठी नंदा खरे यांची 'उद्या' ही कादंबरी, २०२१ साठी किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' हा कथासंग्रह, २०२२ साठी प्रवीण दशरथ बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या', २०२३ साठी कृष्णात खोत यांची 'रिंगाण' आणि २०२४ साठी सुधीर रसाळ यांचा 'विंदांचे गद्यरूप' हा समीक्षाग्रंथ. युवा पुरस्कारांत २०२४ ची देविदास सौदागर यांची 'उसवण' आणि २०२५ ची प्रदीप कोकरे यांची 'खोल खोल दुष्काळ डोळे' या कादंबऱ्या आहेत. पुरस्कार जाहीर झाला की दोन दिवस अभिनंदनाचा पाऊस पडतो, लेखकाच्या गावी सत्कार होतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. पुस्तकात नेमके काय आहे आणि ते कसे लिहिले आहे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा. पुरस्कार योग्य माणसाला मिळाला की नाही हा वाद येथे नको. ज्यांनी ही पुस्तके शेवटच्या पानापर्यंत वाचली आहेत, त्यांनी वाचकाच्या भूमिकेतून लिहावे, एवढीच अपेक्षा आहे.

सुरुवात 'रिंगाण'पासून करतो. धरणामुळे उठलेले एक गाव दूरच्या माळावर वसवले गेले आहे आणि त्या धांदलीत एक म्हैस जुन्या मुलखातच मागे राहिली आहे. तिला परत आणण्यासाठी देवाप्पा जंगलात जातो. कथानक म्हणून सांगायचे तर एवढेच. पण मधल्या काळात ती म्हैस रानाची झालेली आहे, तिला दावे आठवत नाही, आणि ज्याला ती आपली वाटते त्याच्यावर ती शिंगे रोखून उभी राहते. विस्थापनावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. मोर्चे, मोबदला, पुढाऱ्यांची आश्वासने हे सारे आपण वाचलेले आहे. खोतांनी ते जवळजवळ सगळे बाजूला सारून माणूस आणि जनावर यांना समोरासमोर उभे केले आणि गाव उठण्याचा अर्थ त्या झुंजीतून काढला, हे मला या कादंबरीचे मोठे बळ वाटते. निवेदनही पात्रांच्याच बोलीत असल्यामुळे लेखक कोठेही बाहेरून कळवळा दाखवत नाही.

आणखी एक निरीक्षण नोंदवून थांबतो. गुरव कोल्हापूरचे, खोत पन्हाळ्याकडचे आणि बांदेकर सावंतवाडीचे. म्हणजे लागोपाठ तीन वर्षे पुरस्कार आंबोली घाटाच्या वर-खाली फिरत राहिला. हा योगायोग आहे, की मराठी कथात्म साहित्याचे बळ आता पुण्या-मुंबईतून खरोखरच त्या बाजूला सरकले आहे?

आडवाट

'रिंगाण'विषयी मी थोडे वेगळ्या कारणाने लिहितो. आमचे मूळ गाव वारणेच्या खोऱ्यातले, चांदोली धरणामुळे उठलेले. माझा जन्म वसाहतीतला, त्यामुळे जुन्या गावाविषयी मला जे माहीत आहे ते सारे ऐकीव आहे. परंतु वसाहतीत जनावरांचे काय झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. घरासाठी प्लॉट मिळाला, काहींना जमीनही मिळाली; गायरान मात्र नव्हते. जी गुरे रानात दिवसभर मोकळी हिंडत होती, ती घराच्या भिंतीला खुंटी ठोकून बांधली गेली, आणि कडबा विकत आणायची वेळ आल्यावर एकेक करून बाजारात गेली. आमच्या आजीने शेवटची म्हैस विकली तेव्हा ती दारात आली नव्हती, असे घरात अजून सांगतात. म्हणून देवाप्पाचा हट्ट मला खुळेपणाचा वाटला नाही.

तरीही कादंबरीविषयी माझी एक तक्रार आहे. जंगलातला पाठलाग जेथे रंगतो तेथे ती श्वास रोखून वाचावी लागते. पण देवाप्पाच्या मनातले जुने प्रसंग मध्येमध्ये इतके येत राहतात की काही ठिकाणी तेच दुःख पुन्हा ऐकल्यासारखे होते. चाळीसएक पाने कमी असती तर ही कादंबरी अधिक धारदार झाली असती, असे माझे मत आहे.

रात्रपाळी

@आडवाट, तुम्हाला जी पुनरावृत्ती वाटते, ती मला सांगण्याची रीत वाटली. आमच्याकडची जुनी माणसे एखादा प्रसंग सांगताना पुन्हा पुन्हा मागे जाऊन तोच धागा उचलतात आणि दर वेळी त्यात काहीतरी नवे घालतात. ज्यांना बोलीमुळे पुस्तक अवघड वाटले, त्यांनी पहिली दहा-बारा पाने मोठ्याने वाचून पाहावीत. शब्द अडले तरी चाल सापडते, आणि मग अडलेले शब्दही आपोआप उलगडतात.

काजबटण

माझ्या वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते, त्यामुळे 'उसवण' हातात येताच मी ती त्याच रात्री वाचून काढली. तयार कपड्यांची दुकाने तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्यावर शिंप्याच्या धंद्याचे काय होते, हा कादंबरीचा विषय आहे, आणि सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले असल्यामुळे तपशिलात कोठेही चूक सापडत नाही. बाहेरच्या माणसाला वाटते की गिऱ्हाईक एका दिवसात तुटले. तसे होत नाही. पूर्वी वर्षाचे तीन हंगाम ठरलेले असत: लग्नसराई, जूनमधले शाळेचे गणवेश आणि दिवाळी. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात वडील दुकानातच झोपत आणि काज-बटणाचे काम गल्लीतल्या बायकांकडे नगावर जाई. आधी लग्नाचे कपडे बाहेर गेले, मग गणवेशाचे काम ठेक्याने दुसरीकडे गेले, आणि शेवटी दुकानात उरले ते अल्टरचे काम: जीन्सची उंची कमी करणे, चेन बदलणे, उसवलेली शिवण घालून देणे. जो कारागीर कापडावर खडूने रेघ मारून सबंध सूट बेतत असे, त्याने दुसऱ्याने शिवलेल्या पँटचे पाय कापत बसायचे, यातला अपमान पैशाच्या हिशेबात दिसत नाही. सौदागरांनी तो अपमान नेमका पकडला आहे आणि तो आरडाओरडा न करता पकडला आहे.

उणे काय, तर कादंबरी फार लहान आहे आणि नायकाभोवतीची काही माणसे ओझरतीच दिसतात. बायकोच्या बाजूने आणखी दोन प्रकरणे असती तर मला आवडले असते, कारण अशा घरात धंदा बसल्यावर घर चालवण्याची कसरत तीच करत असते.

सावलीचे झाड

@काजबटण यांचा प्रतिसाद वाचून बरे वाटले, कारण 'उसवण'ला पुरस्कार मिळाला तेव्हा मी जेवढ्या बातम्या वाचल्या, त्या सगळ्या लेखकाच्या गरिबीविषयी होत्या. शिंपी, पहारेकरी, हलाखी, जिद्द, आणि शेवटी एका ओळीत कादंबरीचे नाव. नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'ला २०१८ मध्ये युवा पुरस्कार मिळाला तेव्हाही हेच झाले. टाळेबंदीच्या काळात त्यांना मजुरी करावी लागली याच्या बातम्या गावोगाव पोहोचल्या, पण त्या कादंबरीत शिक्षणासाठी धडपडणाऱ्या मुलाचे घर कसे उभे केले आहे, हे सांगणारे लेखन मला शोधून काढावे लागले. लेखकाच्या कष्टांबद्दल आदर हवाच. तरीपण आपण त्याच्या पुस्तकाकडे केवळ सहानुभूतीने पाहू लागलो, की त्याला लेखक म्हणून वागवणेच थांबवतो, आणि पुढच्या पुस्तकाच्या वेळी त्याच्याकडे वळूनही पाहत नाही.

घाटमाथा यांच्या प्रश्नाविषयी: बळ सरकले आहे हे खरे, पण ते गेल्या पाच वर्षांत सरकलेले नाही. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ चा पुरस्कार मिळाला, तो मराठवाड्यातल्या कथांना. २०१७ मध्ये श्रीकांत देशमुख यांच्या 'बोलावे ते आम्ही' या संग्रहाला मिळाला, तोही शेतीशी बांधलेल्या कवितेला. त्यामुळे घाटाच्या वर-खाली असे न म्हणता महानगराबाहेर असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

कोरा कागद

'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'चा उल्लेख यादीपुरताच राहू नये, म्हणून लिहितो. गावातून शहरात शिकायला आलेल्या मुलाविषयी ग्रामीण साहित्यात एक ठरावीक सूर असतो: गाव निर्मळ, शहर निष्ठुर, आणि मुलगा मधल्या मध्ये पोरका. गुरवांचा बाळू पोरका नाही, तो चौकस आहे. स्वतःची फजिती तो बारकाईने पाहतो आणि तिच्यावर हसूही शकतो. दीर्घकथेचा ऐसपैस आवाका आणि तिरकस विनोद यांचा असा मेळ अलीकडे मी दुसरीकडे वाचलेला नाही. पाचही पुस्तकांत मला हे सर्वांत आवडले, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली, याचे एक कारण ते कथासंग्रह असणे हेही असावे. कादंबरीला जो मान मिळतो, तो कथेला आपल्याकडे मिळत नाही.

सीमाभाग

कथेला मान मिळत नाही हे वाक्य वाचले आणि राहवले नाही. मी बेळगावात राहते, कन्नड आणि मराठी दोन्ही वाचते. २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला मिळाला, तो कथासंग्रहच आहे. या पुरस्काराच्या इतिहासात कथासंग्रहाला मिळालेला हा पहिलाच मान, आणि कन्नडलाही पहिलाच. १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या कथांमधून बारा कथा निवडून दीपा भास्ती यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले. पुरस्काराचे ५० हजार पौंड लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान वाटले जातात, आणि हा नियम मला फार न्याय्य वाटतो.

बानू मुश्ताक हासनच्या. त्या वकील आहेत, त्यांनी 'लंकेश पत्रिके' या कन्नड साप्ताहिकासाठी वार्ताहर म्हणून काम केले आहे आणि कन्नडमधल्या बंडाय चळवळीशी त्यांचे लेखन जोडलेले आहे. ही चळवळ म्हणजे जात, धर्म आणि पुरुषसत्ता यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांची फळी. आपल्याकडच्या दलित साहित्याच्या वाचकाला तिची ओळख पटायला वेळ लागणार नाही. कथा दक्षिण कर्नाटकातल्या मुस्लिम घरांतल्या बायकांच्या आहेत. मला सर्वांत लक्षात राहिलेली कथा मात्र मुलांच्या सुंतेची आहे. एका सुखवस्तू घरातली बाई सुट्टीत सगळ्या मुलांची सुंता एकदम उरकायचे ठरवते. गरीब घरातला मुलगा काही दिवसांत झाडावर चढण्याइतका टुणटुणीत होतो आणि उत्तम डॉक्टरी देखरेखीतला घरचा मुलगा अंथरुणाला खिळतो. यात विनोद आहे, वर्गभेद आहे, आईची घालमेल आहे, आणि लेखिका कोठेही बोट उगारून शिकवत नाही. सगळ्याच कथा या उंचीच्या नाहीत. दोन-तीन कथांमध्ये नवऱ्यांचा दुष्टपणा इतका एकसारखा येतो की शेवट आधीच कळतो. तरी संग्रह एकूण वाचावा असाच आहे.

भाषांतराविषयीही सांगायला हवे. भास्ती यांनी कन्नड, उर्दू आणि अरबी शब्द तिरप्या टाइपात दिलेले नाहीत आणि तळटीपाही टाकलेल्या नाहीत. इंग्रजी वाचकाने थोडे अडखळावे, ही त्यांची अट आहे. वर 'रिंगाण'च्या बोलीविषयी जी चर्चा झाली, ती मला त्यामुळे फार जवळची वाटली.

दूरदेशी

मी अमेरिकेत राहतो, त्यामुळे माझे मराठी वाचन भारतभेटीत बॅगेत मावेल तेवढेच. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' या हिंदी कादंबरीच्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या अनुवादाला हाच पुरस्कार मिळाला, २०२३ च्या दीर्घयादीत पेरुमल मुरुगन यांची तमिळ कादंबरी होती, आणि आता कन्नड. येथील मित्रमंडळी विचारतात की मराठीचे काय. मराठीत त्या तोडीचे लेखन नाही, असे मला वाटत नाही. मग अडते कोठे?

सीमाभाग

@दूरदेशी, पहिली अडचण नियमाची आहे. पुस्तक इंग्रजीत येऊन भागत नाही, ते ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेले असावे लागते. मराठीतून इंग्रजीत उत्तम भाषांतरे होतात. जेरी पिंटो यांनी दया पवारांचे 'बलुतं' आणि सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' इंग्रजीत नेली, शांता गोखले यांचे काम तर सर्वांना माहीत आहे. पण यांतली बहुतेक पुस्तके भारतातल्या प्रकाशकांकडून येतात आणि तेथेच थांबतात. 'हार्ट लॅम्प'ला अँड अदर स्टोरीज या छोट्या ब्रिटिश प्रकाशनाने हात दिला आणि इंग्लिश पेन या संस्थेचे भाषांतरासाठीचे अनुदानही मिळाले. दुसरी अडचण माणसांची आहे. एखाद्या लेखकाचे सगळे लेखन वाचून त्यातून निवड करणारा आणि ते पुस्तक दारोदार घेऊन फिरणारा अनुवादक लागतो. हे काम प्रकाशकाने मागणी नोंदवली म्हणून होत नाही.

कन्नड-मराठी रस्ता मात्र जुना आणि वर्दळीचा आहे. उमा कुलकर्णी यांनी कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठीत आणले आणि त्यांना अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. विरूपाक्ष कुलकर्णी यांनी मराठीतून कन्नडमध्ये भाषांतरे केली. म्हणून बानू मुश्ताक मराठीत इंग्रजीवरून न येता थेट कन्नडवरून याव्यात, अशी माझी इच्छा आहे.

आडवाट

'उद्या' कोणी वाचली आहे का? नंदा खरे यांनी पुरस्कार नाकारला, समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे आणि काही वर्षांपासून आपण पुरस्कार घेणे थांबवले आहे असे त्यांनी सांगितले, एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहिले. नकाराची बातमी कादंबरीपेक्षा मोठी झाली.

रात्रपाळी

मी वाचली आहे, आणि ती सोपी नाही, हे आधीच सांगतो. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवणारी यंत्रणा, मोठ्या भांडवलाच्या ताब्यात गेलेले निर्णय, मुलींची घटलेली संख्या आणि त्यातून बाईच्या वाट्याला येणारे जिणे, असे अनेक पदर त्या कादंबरीत एकाच वेळी चालतात. खरे पेशाने अभियंता होते. त्यामुळे व्यवस्था कशी चालते, कोणता पुर्जा कोणाला फिरवतो, यात त्यांना खरा रस आहे आणि पात्रांच्या मनात डोकावण्यात त्या मानाने कमी. काही संवाद व्याख्यानासारखे होतात, हे मान्य. पण २०२० च्या आधी लिहिलेली ही कादंबरी आज वाचताना भविष्यकथा वाटतच नाही, आणि ही तिची ताकद म्हणावी की आपली पंचाईत, ते ज्याचे त्याने ठरवावे. मराठीत विज्ञानकथा आहे, ग्रामीण कादंबरी आहे, राजकीय कादंबरी आहे. या तिन्हींना एका दाव्याला बांधण्याचे धाडस फार थोड्यांनी केले.

कोरा कागद

नकाराचा विषय निघालाच आहे, तर २०२२ च्या डिसेंबरमध्ये काय झाले तेही नोंदवावे लागेल. माओवादी चळवळीशी संबंध असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या आठवणींच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला आणि आठवड्याभरात शासन निर्णय काढून तो रद्द करण्यात आला. निषेध म्हणून 'भुरा' या आत्मकथनाचे लेखक शरद बाविस्कर आणि 'वैचारिक घुसळण'चे लेखक आनंद करंदीकर यांनी आपापले राज्य पुरस्कार नाकारले. त्या गदारोळात 'भुरा' खूप खपले आणि ते खपावे अशाच योग्यतेचे आहे. धुळ्याकडच्या खेड्यात दहावीत इंग्रजीत नापास झालेला मुलगा पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंचचा प्राध्यापक होतो, ही कहाणी त्यांनी फुशारकी न मारता सांगितली आहे.

घाटमाथा

त्या प्रकरणावर येथे आणखी लिहू नये, अशी विनंती करतो, कारण मग पुस्तके मागे पडतील. त्यातून एक उपयोगाची गोष्ट मात्र सांगतो. राज्य पुरस्कारांच्या यादीत प्रथम प्रकाशन असा स्वतंत्र विभाग असतो: कवितेसाठी बहिणाबाई चौधरी पुरस्कार, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे पुरस्कार, कथेसाठी ग. ल. ठोकळ पुरस्कार. ज्यांना नवे लेखक शोधायचे आहेत, त्यांनी अकादमीपेक्षा ही यादी आधी पाहावी. अकादमीचा मुख्य पुरस्कार काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांतून निवडला जातो, त्यामुळे तेथे पुस्तक यायला उशीर होतो.

'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'विषयी कोणीच का लिहिले नाही?

सावलीचे झाड

मी अर्धवट सोडून पुन्हा घेतली, म्हणून लिहायला कचरत होते. कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेतून आजच्या झुंडीच्या राजकारणाकडे पाहायचे, ही कल्पना विलक्षण आहे. दोरी कोणाच्या हातात आहे आणि आपण कोणाच्या सांगण्यावरून नाचतो आहोत, हा प्रश्न त्यातून सहज उभा राहतो. परंतु बांदेकरांच्या 'चाळेगत'मध्ये जी माणसे रक्तामांसाची वाटली होती, ती येथे मला कल्पनेच्या ओझ्याखाली थोडी दबल्यासारखी वाटली. दुसऱ्या वाचनात कादंबरी अधिक आवडली. भीती हळूहळू घराघरांत कशी शिरते, शेजारी बोलायचे कसे थांबतात, हे त्यांनी फार बारकाईने दाखवले आहे.

पानवाला

रसाळांच्या पुस्तकावर कोणीच आले नाही, याचे आश्चर्य वाटले नाही. समीक्षेला पुरस्कार मिळाला की वाचक सुस्कारा टाकून पुढच्या वर्षाची वाट पाहतात. सुधीर रसाळ यांना हा मान नव्वदी ओलांडल्यावर मिळाला. 'कविता आणि प्रतिमा' हा त्यांचा ग्रंथ मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेच. 'विंदांचे गद्यरूप' वाचताना जाणवते की आपण विंदा करंदीकरांना जवळजवळ पूर्णपणे कवितेच्या खात्यात टाकले आहे. 'स्पर्शाची पालवी' आणि 'आकाशाचा अर्थ' यांतले लघुनिबंध, 'परंपरा आणि नवता'मधली समीक्षा, ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा अनुवाद, एवढा मोठा गद्यसंसार कवितेच्या पाठीमागे उभा आहे, आणि रसाळ तो शांतपणे तपासतात. त्यांची वाक्ये स्वच्छ आहेत, संज्ञांची आतषबाजी नाही. समीक्षेची धास्ती असलेल्यांनी आधी विंदांचे दोन-चार लघुनिबंध वाचावेत आणि मग या पुस्तकाकडे वळावे. लघुनिबंध हा प्रकार गुळगुळीत म्हणून आपण कधीच अडगळीत टाकला. विंदांचे निबंध मात्र आजही वाचताना तजेलदार वाटतात.

काजबटण

@पानवाला, आमच्या गावच्या वाचनालयात 'स्पर्शाची पालवी' आहे, बहुधा अनेक वर्षांत कोणी नेलेली नाही. उद्या नाव नोंदवून येतो. 'रिंगाण' तेथे नाही, ग्रंथपालांनी पुढच्या खरेदीत घेऊ असे सांगितले आहे. कोकरे यांची 'खोल खोल दुष्काळ डोळे' कोणी वाचली असल्यास कृपया सविस्तर लिहावे.